जाळी किती घट्ट धरायची, आणि किती दिवस: हर्नियात जाळी बसवण्याच्या नव्या पद्धतीची चाचणी

प्रश्न असा आहे: जांघेच्या हर्नियाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत जाळी बसवण्यासाठी एका गटाने विरघळणारा नवा टॅक (जाळी भिंतीला अडकवणारी छोटी खुंटी) आणि त्यासोबत वापरायचा थोडा ग्लू तयार केला आहे. ताणयंत्रावर सरळ ओढून पाहिल्यावर बाजारातल्या टॅकपेक्षा दीडपट ताकद आली. आता रुग्णांवर वापरायला हरकत आहे का, आणि त्याआधी कोणत्या चाचण्या राहिल्या?

दीडपट हा आकडा सध्या बाजूला ठेवा. फिक्सेशनचे, म्हणजे जाळी जागी पक्की करण्याचे, काम जाळीला आयुष्यभर धरून ठेवण्याचे नाही. जाळीच्या छिद्रांतून शरीराची ऊती शिरेपर्यंत ती जागेवरून सरकू न देणे, गोळा होऊ न देणे आणि तिची कडा दुमडू न देणे एवढेच ते काम आहे. मोठ्या छिद्रांच्या पॉलिप्रॉपिलीन (न विरघळणारे प्लास्टिक) जाळीत ही पकड पहिल्या दोन ते चार आठवड्यांतच बरीचशी तयार होते. त्यानंतर टॅक तिथे असला काय आणि नसला काय, ताकदीत फारसा फरक पडत नाही. दुखण्यात मात्र पडतो. म्हणून तीन गोष्टी विचारा: तुमची पद्धत कोणत्या दिशेचा ताण सहन करते, किती दिवस करते, आणि त्याची किंमत रुग्ण दुखण्याच्या रूपात किती मोजतो. सरळ ओढण्याच्या चाचणीतून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आधी हिशोब. पोटातला दाब १५० मिमी पारा धरला तर तो सुमारे २० किलोपास्कल, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला २ न्यूटन होतो. हर्नियाचे पोटाच्या भिंतीतले भोक ५ सेंमी व्यासाचे असेल तर त्याचे क्षेत्रफळ १९.६ चौरस सेंमी, म्हणून जाळीवर एकूण जोर साधारण ३९ न्यूटन. तो १५.७ सेंमी परिघावर वाटला की दर सेंटीमीटरला २.५ न्यूटन येतात. भोक १० सेंमीचे झाले की एकूण जोर चौपट, १५७ न्यूटन, आणि कडेवर दर सेंटीमीटरला ५ न्यूटन. पुस्तकांत वारंवार दिसणारा दर सेंटीमीटरला १६ न्यूटन हा आकडा जर्मनीतल्या आखेनच्या क्लिंगे यांच्या गटाच्या गणितातून रूढ झाला. त्यात ३२ सेंमी व्यासाचे अख्खे पोट आणि १५० मिमी दाब धरला आहे. तो जाळीच्या कापडाची ताकद ठरवण्यासाठी ठीक आहे. एकेका टॅकने तेवढे पेलले पाहिजे असा त्याचा अर्थ लावू नका. दाबाचे प्रत्यक्ष आकडे हवे असतील तर कॉब व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये २० निरोगी तरुणांत केलेली मोजणी पाहा: खोकताना सरासरी सुमारे १०७ मिमी, उडी मारताना १७१ मिमी. चाचणीचा दाब या दोन आकड्यांच्या आसपास ठेवा आणि वर थोडी जागा राखा.

आता दिशा. टीईपी किंवा टॅप या जांघेच्या हर्नियाच्या दुर्बिणीच्या दोन पद्धतींमध्ये जाळी पेरिटोनियम (पोटाचे आतले अस्तर) आणि स्नायू यांच्या मधे असते. पोटातला दाब तिला भिंतीवरच दाबून धरतो. तिथे टॅक सरळ उपटला जाण्याची वेळ सहसा येत नाही. ताण येतो तो घसरण्याचा, म्हणजे जाळी भिंतीला समांतर सरकण्याचा. त्यामुळे सरळ ओढण्याची चाचणी दुय्यम आणि घसरणीची चाचणी मुख्य. ग्लू असेल तर तिसरीही हवी, सोलण्याची, कारण जाळीची कडा एका कोपऱ्यातून उचलली गेली की ग्लूचा जोड पोस्टाच्या तिकिटासारखा सुटत जातो. ऊती चिकटवणाऱ्या पदार्थांसाठी एएसटीएम या चाचण्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या ठरलेल्या पद्धती आहेत: घसरणीसाठी एफ२२५५, सोलण्यासाठी एफ२२५६, सरळ ताणासाठी एफ२२५८. त्याच वापरा, म्हणजे तुमचे आकडे दुसऱ्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील.

नमुना कसा तयार केला यावर निम्मा निकाल ठरतो. डुकराच्या पोटाची ताजी भिंत घ्या, सलाइनने भिजवलेल्या गॉजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. गोठवायचीच असेल तर सगळे नमुने एकदाच गोठवा, एकदाच वितळवा. ताजे आणि गोठवलेले एकाच तक्त्यात मिसळू नका. चरबीचा थर किती काढला ते लिहून ठेवा, कारण स्नायूवरचा ग्लू आणि चरबीवरचा ग्लू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाळीच्या पट्ट्या कापताना विणीची दिशा मार्करने खूण करा. बहुतेक जाळ्या उभ्या आणि आडव्या दिशेला सारख्या ताणल्या जात नाहीत. चाचणी ३७ अंश तापमानात आणि ओल्या अवस्थेत करा. कोरड्या टेबलावर मिळालेली ग्लूची ताकद पोटात मिळत नाही. काही नमुन्यांवर मुद्दाम ठरलेल्या प्रमाणात रक्त लावून पाहा, कारण जांघेत अगदी कोरडी जागा क्वचितच मिळते.

जोड तुटल्यावर यंत्रावरचा आकडा लिहून पुढच्या नमुन्याकडे वळण्याची घाई करू नका. तुटलेला तुकडा भिंगाखाली धरा. ऊतीचा पृष्ठभाग स्वच्छ आणि ग्लूचा पापुद्रा जाळीवर अख्खा असेल, तर ग्लू ऊतीला धरलाच नव्हता. दोन्हीकडे ग्लूचे खडबडीत अवशेष असतील, तर ग्लू स्वतः मधून फाटला. पापुद्र्यावर लाल तंतू चिकटून आले असतील, तर जोड टिकला आणि स्नायू फाटला. इथून पुढे ग्लू आणखी मजबूत करून काही हाती लागणार नाही. टॅकच्या बाबतीतही तसेच: टॅक ऊतीतून निसटला, टॅकचे डोके तुटले, की जाळीचे छिद्र फाटून टॅक जागेवरच राहिला? शेवटचा प्रकार वारंवार दिसला तर दोष जाळीच्या कडेपासूनच्या अंतरात असू शकतो. प्रत्येक नमुन्याचा तुटण्याचा प्रकार तक्त्यात वेगळ्या रकान्यात लिहा. सरासरी सारखी असलेल्या दोन पद्धती इथे एकमेकींपासून पार वेगळ्या निघतात.

यानंतर भोकाची चाचणी. भिंतीत ५ सेंमीचे गोल भोक पाडा, जाळी खालून प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत ठेवाल तेवढ्याच ओव्हरलॅपने (जाळी भोकाच्या कडेपलीकडे जाते ते अंतर) बसवा आणि खालून पिशवीने दाब द्या. एकदाच दाब वाढवत नेऊन फुटेपर्यंत जाऊ नका. रुग्ण खोकतो तो पुन्हा पुन्हा. छोटे, झटकन येणारे दाबाचे ठोके शेकड्यांनी द्या. जर्मनीतल्या हायडेलबर्गचे कालिनोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी याच तत्त्वावर काम केले आहे. एका ताणात उत्तम ठरलेली पद्धत ठोक्यांखाली मिलिमीटर-मिलिमीटर सरकत जाऊन भोकात शिरते, हे या चाचणीतच दिसते. जाळी फुटण्याची वाट पाहू नका. कडा किती सरकली ते मोजा. किती सरकली म्हणजे अपयश हे आधीच लिहून ठेवा, उदाहरणार्थ कोणत्याही कडेला १ सेंमी. आकडे पाहून ही मर्यादा मागाहून ठरवली तर चाचणीला अर्थ उरत नाही.

तुलनेसाठी किमान तीन गट हवेत: सध्याचा टॅक, २-० जाडीच्या पॉलिप्रॉपिलीन धाग्याचा टाका, आणि काहीही न लावलेली जाळी. तिसरा गट टाळण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. हर्नियासर्ज या तज्ज्ञगटाच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार टीईपीमध्ये जवळजवळ कोणत्याही हर्नियाला फिक्सेशन लागत नाही. टीईपी असो वा टॅप, ते सुचवले आहे मोठ्या डायरेक्ट (भिंतीच्या कमकुवत जागेतून सरळ बाहेर येणाऱ्या) हर्नियासाठी, म्हणजे युरोपीय वर्गीकरणातल्या एम३ साठी, जिथे भोक ३ सेंमीपेक्षा मोठे असते. तेव्हा छोट्या इनडायरेक्ट (जांघेतल्या नैसर्गिक वाटेने उतरणाऱ्या) हर्नियात तुमचा टॅक जुन्या टॅकइतकाच चांगला ठरला, तर एवढेच सिद्ध होईल की दोन्ही अनावश्यक होते. तुमच्या पद्धतीची खरी परीक्षा एम३ मध्ये आहे, आणि १० बाय १५ सेंमीची जाळी नीट पसरली नसेल तर तिथे कोणताही टॅक वाचवणार नाही. जाळी लहान कापून ती कमतरता टॅकने भरून काढता येत नाही. हे चाचणीच्या आराखड्यात लिहा, आणि प्रत्येक शस्त्रक्रियेत जाळीचा आकार आणि ओव्हरलॅप नोंदवा.

विरघळणाऱ्या पदार्थाची स्वतंत्र परीक्षा लागते. अशा टॅकसाठी वापरतात त्या पॉलिलॅक्टाइड-ग्लायकोलाइडची ताकद त्याचे वजन कमी होण्याच्या खूप आधी जाते. दिसायला टॅक अख्खा, आणि हातात घेतला तर ठिसूळ. ३७ अंशांवर, ७.४ पीएचच्या बफरमध्ये नमुने ठेवा आणि ०, १, २, ४, ८, १२ आठवड्यांनी काढून ताकद मोजा. वजन आणि रेणूभारही मोजा. चौथ्या आठवड्यापर्यंत पुरेशी ताकद हवी. त्यापुढे लवकर गेली तर उलट बरे. हे सगळे नमुने निर्जंतुक केलेलेच असले पाहिजेत. वाफेने हा पदार्थ वाकडा होतो, गॅमा किरणांनी त्याच्या साखळ्या तुटतात, म्हणून बहुतेक वेळा इथिलीन ऑक्साइड निवडतात. निर्जंतुक न केलेल्या टॅकवर मिळालेले आकडे रुग्णाच्या पोटात जाणाऱ्या टॅकचे नसतात.

साठवणुकीकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्या. शेल्फ लाइफ झटपट ठरवण्यासाठी वस्तू ५५ अंशांवर ठेवण्याची जी सोय आहे, ती या पदार्थांना लागू पडत नाही, कारण त्यांचे मऊ पडण्याचे तापमान त्याच्याच आसपास असते. आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ वर जातो, बंद गाडीत त्याहून जास्त. कोकणात दमट हवा. ओलावा आणि उष्णता मिळून टॅक पाकिटातच झिजायला लागतो. फॉइलच्या पाकिटात, प्रत्यक्ष वाहतुकीच्या परिस्थितीत ठेवलेले नमुने काढून पुन्हा ओढून पाहा.

ग्लूविषयी दोन वेगळ्या कुळांची गल्लत नको. फायब्रिन ग्लू म्हणजे फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन. थ्रॉम्बिनचे प्रमाण जास्त असेल तर काही सेकंदांत जमतो, कमी असेल तर मिनिटभर हलवाहलव करता येते. तो दोनएक आठवड्यांत शरीर पचवते, म्हणजे ऊतीची पकड तयार होण्याच्या वेळेशी त्याचे बरे जुळते. पण सुरुवातीची ताकद कमी. सायनोअ‍ॅक्रिलेट ओलाव्याने क्षणात कडक होतो, जास्त धरतो, आणि चुकाही जास्त कडक करतो. मोठा थेंब पडला की जाळीची छिद्रे बुजतात, त्या जागी ऊती शिरत नाही आणि कडक, टोचणारी पपडी तयार होते. म्हणून छोटे थेंब, एकमेकांपासून दूर. पूर्ण थर कधीही नाही. कमी लांबीच्या साखळीचे मिथाइल-इथाइल प्रकार शरीरात वापरू नयेत. ब्यूटाइल आणि ऑक्टाइलच. आणि त्वचेसाठी परवानगी असलेला ग्लू पोटात वापरणे म्हणजे परवानगीबाहेरचा वापर, हे रुग्णाच्या संमतीपत्रात लिहावेच लागते.

प्राण्यांवरची चाचणी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या आणि, डुकरासारख्या मोठ्या प्राण्यासाठी, केंद्रीय समितीच्या परवानगीने करा. डुकरात २४ तास, ७, १४, २८ आणि ९० दिवस असे टप्पे ठेवा. शिवाय टॅक पूर्ण विरघळेपर्यंतचा एक टप्पा. सुरुवातीचे दोन टप्पे सोडून देऊ नका, तुमच्या पद्धतीची खरी गरज त्याच काळात आहे. जाळीच्या चार कोपऱ्यांना धातूच्या क्लिपा लावल्या तर क्ष-किरणात सरकणे मोजता येते, कारण साधे पॉलिप्रॉपिलीन क्ष-किरणात दिसत नाही. लहान डुकरे झपाट्याने वाढतात आणि पोटाची भिंत जाळीपासून दूर ताणली जाते. शक्य असेल तर पूर्ण वाढलेली, छोट्या जातीची घ्या. डुक्कर चार पायांवर चालते, त्यामुळे जांघेवरचा भार माणसासारखा नसतो. प्राण्यांतून ऊतीची प्रतिक्रिया, आतड्याची चिकटण आणि विरघळण्याचा वेग कळतो. हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण कळत नाही. पॅथॉलॉजिस्टला कोणता नमुना कोणत्या गटाचा हे सांगू नका.

आता माणसांत. भारतात नव्या उपकरणाच्या क्लिनिकल तपासणीसाठी वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ प्रमाणे सीडीएससीओची (केंद्रीय औषध नियंत्रण संस्था) परवानगी, नैतिकता समितीची मान्यता आणि पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआयमध्ये (क्लिनिकल चाचण्यांची भारतीय नोंदवही) नोंदणी हवी. कागदपत्रांपेक्षा अवघड भाग पुढे आहे.

टॅक कुठे मारायचा नाही हे प्रशिक्षणाचे पहिले पान. इलिओप्युबिक ट्रॅक्टच्या (जांघेतल्या भिंतीचा आतला तंतुमय पट्टा) खाली, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आणि नसांच्या त्रिकोणांत एकही टॅक नको. साधा नियम: दुसऱ्या हाताने बाहेरून पोटावर दाब द्या, टॅकरचे टोक त्या हाताला जाणवले तरच ट्रिगर दाबा. जाणवत नसेल तर तुम्ही ट्रॅक्टच्या खाली आहात. टोक भिंतीला काटकोनात हवे. तिरपा गेलेला टॅक अर्धा बाहेर राहतो. पद्धत जांघेबाहेर वापरायचा विचार असेल तर डायफ्रॅमवर (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) टॅक नकोच: तिथे स्नायू काही मिलिमीटर जाड असतो आणि पलीकडे हृदय. अशा टॅकमुळे हृदयाभोवती रक्त साठून रुग्ण दगावल्याच्या नोंदी आहेत.

मुख्य निकष कोणता निवडता यावर रुग्णसंख्या ठरते, आणि इथेच बहुतेक अभ्यास फसतात. हर्निया पुन्हा होण्याचे प्रमाण ३ टक्के धरले आणि नवी पद्धत २ टक्क्यांहून जास्त वाईट नाही हे ८० टक्के खात्रीने दाखवायचे असेल, तर प्रत्येक गटात सुमारे ११४० रुग्ण लागतात. १५ टक्के रुग्ण तपासणीला परत येत नाहीत असे धरले तर १३४० च्या वर. दुखण्याच्या १० गुणांच्या पट्टीवर १ गुणाचा फरक, प्रमाण विचलन २.५ धरून, दाखवायचा असेल तर प्रत्येक गटात साधारण ९८, गळती धरून ११५. तेव्हा एका रुग्णालयाने ६०-६० रुग्णांत अभ्यास करून 'हर्निया पुन्हा होण्यात फरक आढळला नाही' असे लिहिणे म्हणजे फरक शोधण्याची सोयच केली नव्हती असे म्हणणे. कॅम्पानेल्ली आणि सहकाऱ्यांचा २०१२ मधला टिमेली अभ्यास या दृष्टीने नीट वाचा. लिक्टनस्टाइन या जांघेच्या उघड्या शस्त्रक्रियेत टाक्यांऐवजी फायब्रिन ग्लू, ३१९ रुग्ण. मुख्य निकष एका वर्षानंतरचे दुखणे, बधिरता किंवा अवघडलेपण. ग्लूच्या गटात त्याचे प्रमाण ८.१ टक्के, टाक्यांच्या गटात १४.८. निकष दुखण्याचा निवडला म्हणून एवढ्या रुग्णांत उत्तर मिळाले.

दुखणे हाच मुख्य निकष ठेवावा असे माझे स्पष्ट मत आहे. हर्नियासर्जच्या मते जांघेच्या शस्त्रक्रियेनंतर जाणवण्याजोगे जुनाट दुखणे १० ते १२ टक्के रुग्णांत राहते. फिक्सेशन सुधारायचे ते मुख्यतः त्यांच्यासाठी. पण प्रश्नावली आपल्या माणसांच्या रोजच्या हालचाली विचारणारी हवी. युरोपीय प्रश्नावलीत खुर्चीतून उठणे असते. आपल्याकडे मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, डोक्यावर ओझे घेणे, सायकल मारणे हे विचारावे लागते. भाषांतर करून परत उलट भाषांतर करून तपासलेली मराठी आवृत्ती वापरा. 'दुखतं का?' असे विचारले की पुष्कळ शेतमजूर 'नाही' म्हणतात. 'कोणतं काम सोडावं लागलं?' असे विचारले की उत्तर वेगळे येते.

दोन्ही गटांत जाळी एकच हवी: तेच वजन, तीच छिद्रे. स्वतःच पकडणाऱ्या जाळीची टाका मारलेल्या साध्या जाळीशी तुलना केली तर फरक पकडीमुळे की जाळीमुळे हे सांगता येत नाही. नसांची हाताळणी, भूल, वेदनाशामके सगळे सारखे ठेवा. प्रत्येक सर्जनच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रिया अभ्यासाबाहेर ठेवा, नाहीतर तुम्ही हात बसण्याचा काळ मोजाल. तपासणारा डॉक्टर वेगळा, आणि त्याला गट माहीत नसावा. सीरोमा (साठलेले पाणी) आणि अंडकोषाकडे जाणाऱ्या कॉर्डमधली चरबी पुन्हा झालेल्या हर्नियासारखी भासते, म्हणून शंका आली की जोर करायला लावून सोनोग्राफी.

तपासणीच्या तारखा ठरवताना रुग्ण कोण आहेत ते पाहा. बीडकडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास निघतो आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, गावात नसतो. त्याची तीन महिन्यांची तपासणी जानेवारीत आली तर तो येणार नाही, आणि जास्तीत जास्त ओझे उचलणारा तोच असतो. त्याची गळती ही साधी गळती नव्हे, निकाल चांगल्या बाजूला झुकवणारी गळती आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन, मुकादमाचा फोन, कारखान्याच्या गावातल्या आरोग्य केंद्राशी बोलणे हे सगळे आराखड्यात आणि खर्चाच्या अंदाजात आधीच धरा.

खर्चाचेही मोजमाप करा. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. टोंगावकर यांनी निर्जंतुक केलेल्या मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरून, २००३ मध्ये अनेक केंद्रांतले निष्कर्ष मांडले. पुढे युगांडात ३०२ रुग्णांवरच्या चाचणीत, जिचे निकाल २०१६ मध्ये आले, अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. जाळी इतकी स्वस्त होऊ शकते तिथे तिच्यावर हजारोंचा टॅकर मारण्याचे कारण भक्कम असले पाहिजे.

शेवटी, अभ्यासातल्या एखाद्या रुग्णाचा हर्निया पुन्हा झाला आणि तो पुन्हा टेबलावर आला, तर ती शस्त्रक्रिया कोण करणार, काय नोंदवणार हे आधीच ठरवा. आत शिरताच, जाळी कुठूनही सोडवण्याआधी तिचा फोटो. कोणती कडा उचलली, किती सेंमी आत आली, टॅक जाळीत आहे की भिंतीत, त्याच्याभोवती नस अडकली आहे का, ग्लूच्या जागी ऊती शिरली आहे का. काढलेल्या जाळीचे दोन तुकडे करा: एक फॉर्मॅलिनमध्ये पॅथॉलॉजीला, दुसरा सलाइनमध्ये त्याच दिवशी ताणयंत्रावर. तुकड्यावर वरची-खालची आणि आतली-बाहेरची बाजू टाक्याने खूण केल्याशिवाय तो ट्रेमध्ये ठेवू देऊ नका.